कन्नमवार नगरच्या पालकांचे बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या जिन्यातून आपल्या घराचा दरवाजा दिसतो, त्यामुळे हे पत्र हातात आणून देणे काही अवघड नव्हते. तरीही ते जाहीरपणे लिहावे असे आम्हा पालकांचे ठरले, कारण शाळेतून निवृत्त झाल्यावर आपण रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये आम्हाला सतरंजीवर बसवून जे शिकवलेत, ते विक्रोळीबाहेरच्याही अनेक आईवडिलांना आज हवे आहे. आपले नाव कुठे येऊ नये ही आपली अट आम्ही पाळली आहे.

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेचा विषय म्हणजे कोणते ॲप टाकायचे, पासवर्ड कसा ठेवायचा, येथपासून सुरुवात होईल असे आम्ही धरून चाललो होतो. आपण पहिल्याच रविवारी सगळ्यांना फोन पिशवीत ठेवायला लावलेत आणि विचारलेत की, मोबाइलवर काही वाईट घडले तर तुमचे मूल ते तुम्हाला येऊन सांगेल का? मग शाळेतल्या इतक्या वर्षांच्या अनुभवातून आपण सांगितलेत की मुले गप्प राहतात ती बहुतेक वेळा घरच्यांच्या भीतीने. फोन काढून घेतील, क्लास बंद करतील, बाबा हात उगारतील, हे त्यांच्या मनात असते आणि धमकावणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. "घरी कळले तर तुझे काय होईल बघ" हे त्याचे सर्वांत मोठे हत्यार असते आणि ते त्याच्या हातून काढून घेणे फक्त आईवडिलांनाच शक्य आहे. म्हणून आपण आमच्याकडून एक वाक्य घोकून घेतलेत: "बरे झाले सांगितलेस, मी रागावणार नाही, आपण मिळून बघू." आणि हे वाक्य काही घडल्यानंतर नव्हे, तर घरात सारे सुरळीत असताना, जेवताखाता मुलांच्या कानावर घालून ठेवायचे, असेही बजावलेत. माझ्या मते आपल्या बाकीच्या सगळ्या शिकवणुकीचा पाया हाच आहे.

त्याची कसोटी लवकरच लागली. संबंधित कुटुंबाच्या संमतीने, कोणाची ओळख पटणार नाही अशा बेताने, तो प्रसंग येथे लिहिते. एका शाळकरी मुलीच्या साध्या फोटोवरून कोणीतरी अश्लील चित्र तयार केले, ते तिलाच पाठवले आणि पैसे दिले नाहीत तर वर्गातल्या सगळ्यांना पाठवू अशी धमकी दिली. तिने त्याच रात्री आईला सांगितले, आणि आई तिला घेऊन थेट आपल्याकडे आली. आपण आधी मुलीला जेवलीस का म्हणून विचारलेत, तिला आत बसवलेत, आणि मगच चष्मा लावून फोन हातात घेतलात. ते खाते लगेच ब्लॉक करायला निघालेल्या मामांना आपण थांबवलेत. प्रत्येक धमकीचा तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढलात, मग त्या प्रोफाइलवर जाऊन युजरनेम आणि खात्याची लिंक वहीत उतरवून घेतलीत, कारण वर दिसणारे नाव हजारो जणांचे असू शकते, पण युजरनेम एकाच खात्याचे असते. पैसे मागण्यासाठी दिलेला यूपीआय आयडी आपण आईला मोठ्याने वाचायला सांगून अक्षर न् अक्षर पडताळलात. एक रुपयाही द्यायचा नाही, कारण एकदा दिला की मागणी वाढतच जाते, हे आपण इतक्या ठामपणे सांगितलेत की पैसे देऊन मोकळे होऊ म्हणणारे वडीलही थांबले.

याच वेळी इमारतीच्या ग्रुपवर ते चित्र टाकून सर्वांना सावध करावे असे एका नातेवाइकांनी सुचवले, त्यांचा हेतू चांगलाच होता. अठरा वर्षांखालील मुलांचे असे चित्र पुढे पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार गुन्हा ठरू शकतो, ते आहे त्याच फोनमध्ये राहू द्यायचे आणि पोलिसांनाच दाखवायचे, हे आपण त्यांना समजावलेत. ही गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत आहे, म्हणून मी मुद्दाम लिहिते.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे, तेथे नाव न देताही तक्रार करता येते; पण पुढे काय झाले याचा माग ठेवायचा असेल तर नाव देऊन करावी, असे आपण सुचवलेत. पैसे गेलेच असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल तितकी ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त, आणि मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, हेही तेव्हाच कळले. वडिलांना सर्वांत जास्त भीती होती ती पोलीस ठाण्याची आणि बदनामीची. पोक्सो कायद्याची, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याची तरतूद आपण त्यांना शांतपणे सांगितलीत: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, जबाब घेताना गणवेश नसावा, मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही आणि त्याची ओळख उघड करता येत नाही. एवढे ऐकल्यावर ते तक्रारीला तयार झाले. अशा चित्रांसाठी अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन ही संस्था 'टेक इट डाऊन' नावाची विनामूल्य सेवा चालवते. तीत मूळ चित्र फोनबाहेर जातच नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून आपापल्या ठिकाणी ते चित्र शोधून काढून टाकू शकतात. तो अर्जही आपण आईकडूनच भरून घेतलात, स्वतः भरला नाहीत. मुलगी त्याच आठवड्यात शाळेत जाऊ लागली.

आपण फळ्यावर मांडलेले वयाचे गणित आजही आमच्या घरांत पुन्हा पुन्हा मांडले जाते. इन्स्टाग्रामला किमान तेरा वर्षे वय लागते, म्हणून नऊ वर्षांचे मूल खोटे जन्मवर्ष टाकून तेरा वर्षांचे होते. ते खरोखर चौदाचे होईल तेव्हा ॲपच्या हिशेबी अठराचे झालेले असते आणि किशोरवयीनांसाठी ठेवलेले सारे संरक्षण त्याच्यावरून उठते. २०२५ पासून भारतातही लागू झालेल्या किशोर खात्यांत खाते आपोआप खासगी राहते, अनोळखी माणसाला थेट संदेश पाठवता येत नाही आणि सोळा वर्षांखालील मुलाला या मर्यादा सैल करायला पालकांची परवानगी लागते; पण हे सगळे जन्मतारीख खरी असेल तरच. व्हॉट्सॲपवर आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतो ही सेटिंग 'माझे संपर्क' वर आणणे तर आपण प्रत्येकाकडून तिथल्या तिथे करून घेतलेत.

माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या आयांच्या वतीने एका गोष्टीचे वेगळे आभार मानायचे आहेत. संध्याकाळी गर्दीची लोकल पकडून आम्ही घरी पोहोचेपर्यंत मुले आजीआजोबांजवळ असतात आणि फोनही त्यांच्याच हातात असतो. बहुतेक कार्यक्रमांत या मंडळींना कोणी बोलावत नाही. आपण त्यांना पुढच्या रांगेत बसवलेत, पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही हे त्यांच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलेत, आणि नातवंडांकडून शिकायला लाजू नका असे सांगितलेत. माझ्या सासूबाई आता नातवाला रोज विचारतात, "आज मोबाइलवर काय नवीन पाहिलेस, मला दाखव." त्यांच्या या विचारण्याने जितकी देखरेख होते तितकी कोणत्याही ॲपने होणार नाही, असे मला मनापासून वाटते.

आपली मुले नेहमी निर्दोषच असतात, हा समजही आपण आम्हाला बाळगू दिला नाहीत. बोलताना अडखळणाऱ्या एका मुलाच्या फोटोचे स्टिकर करून वर्गाच्या ग्रुपमध्ये फिरवले गेले, तेव्हा ज्यांच्या मुलांनी ते केले होते ते पालकही आपल्यासमोर बसलेले होते. आपण कोणाला कोणाच्या दारात भांडायला जाऊ दिले नाहीत. स्टिकर करणाऱ्या मुलांनी ते स्वतः पुसावे, ग्रुपमध्येच माफी मागावी, आणि ज्यांनी नुसते हसून पाहिले त्यांनीही त्या मुलाशी जाऊन बोलावे, असे आपण सुचवलेत आणि तसे झाले. त्यानंतर आपण मोठ्यांकडे वळलात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्या काळात अशा अफवा व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या, आणि पुढे पाठवणाऱ्या अनेकांनी त्या मुलांच्या काळजीपोटीच पाठवल्या असतील, असे आपण म्हणालात, तेव्हा आपला आवाज जड झाला होता. घरात आईवडील न वाचता संदेश पुढे ढकलत असतील तर मुलाने काय शिकावे, हा आपला प्रश्न आमच्या इमारतीच्या ग्रुपवर अजून काम करतो आहे, कोणताही इशारा आला की आता कोणीतरी आधी विचारते, "हे कुठून आले?"

बाई, आपल्या पाठकोऱ्या कागदांवरच्या टिपणांच्या झेरॉक्स शेजारच्या इमारतींतही पोहोचल्या आहेत. आपली संमती असेल तर त्या आम्ही आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाकडेही देऊ इच्छितो. गणपतीनंतर बैठका पुन्हा सुरू व्हाव्यात अशी सर्वांची इच्छा आहे. हॉल आणि प्रोजेक्टरची व्यवस्था आम्ही करू, आपण फक्त या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली असली, तरी खेळातली नाणी आणि कपडे विकत घेण्यासाठी मुले हट्ट करतात, त्याबद्दल बोलावे अशी दहावीच्या मुलांच्या पालकांची मागणी आहे. आणि आजोबा मंडळींना यावेळचे टिपण मोठ्या अक्षरांत हवे आहे.

आपली कृतज्ञ,
सर्व पालकांच्या वतीने, एक आई
कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व, मुंबई