जुन्या मोटारसायकलींना त्यांच्या काळाचा निकष लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या वडिलांनी वागळे इस्टेटमधल्या नोकरीत पै पै साठवून घेतलेली 1968 ची जावा मोटारसायकल आमच्या नौपाड्यातल्या घरी आजही चालू स्थितीत आहे. दर रविवारी तिच्यावरून उपवन तलावापर्यंत एक फेरी होते. नुकतेच तिच्या नोंदणीचे नूतनीकरण केले, त्या वेळचा अनुभव कळवतो आहे.

पहिली अडचण पीयूसीची, म्हणजे धुराच्या तपासणीची. नळी सायलेन्सरमध्ये घातली, कार्बन मोनॉक्साइड 4.1 टक्के आले आणि गाडी नापास झाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे 31 मार्च 2000 पर्यंत तयार झालेल्या दुचाकींना 4.5 टक्क्यांची मर्यादा आहे, 3.5 ची मर्यादा त्यानंतरच्या गाड्यांना. मग ही नापास कशी? खोदून विचारल्यावर कळले, की जुने आरसी बुक संगणकावर चढवताना वर्षाच्या रकान्यात 2003 पडले होते. ते बदलून घेण्यात तीन आठवडे गेले. त्यानंतर एक स्क्रूही न फिरवता तीच गाडी पास झाली.

प्रत्यक्ष तपासणी करणारे अधिकारी वयाने तरुण होते आणि माझ्याशी अतिशय सौजन्याने वागले, हे आवर्जून सांगायला हवे. त्यांनी किक कुठे आहे असे विचारले. जावाचा गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की किक होतो. ते करून दाखवले तेव्हा त्यांनाही कौतुक वाटले. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीने छाप घेतली गेली. पण शेरे कसले पडले? इंडिकेटर नाहीत, हेडलाइट मंद आहे. ही गाडी कारखान्यातूनच इंडिकेटरशिवाय आली आणि तिची वायरिंग सहा व्होल्टची आहे, म्हणून दिवा मंदच. हात दाखवून वळणे हीच तिची पद्धत.

आणि जे पाहायला हवे होते ते राहूनच गेले. घरी आल्यावर आमच्या मेकॅनिकने मागचे चाक फिरवत एकेका स्पोकवर, म्हणजे चाकाच्या तारेवर, पाना वाजवला. घट्ट स्पोक टणटण वाजत होते, तीन मात्र बद्द बोलले. ते तिन्ही सैल होते. घोडबंदर रोडच्या खड्ड्यात अशा चाकाचे काय झाले असते, या विचाराने आजही धस्स होते.

ब्रिटनमध्ये मोटारसायकलची दरवर्षी तपासणी होते, पण 1 ऑगस्ट 1986 पूर्वी रस्त्यावर आलेल्या गाडीला इंडिकेटरची सक्ती नाही. 2018 पासून तर चाळीस वर्षांवरच्या, मूळ रचना न बदललेल्या गाड्यांना तपासणीच माफ आहे. मला माफी नको. ब्रेक, हँडलचा प्ले (ढिलेपणा), चाकाचे बेअरिंग, टायर आणि स्पोक कसून तपासावेत, हवे तर दरवर्षी. वीस वर्षांवरच्या मोटारसायकलच्या नूतनीकरणाला आता 2000 रुपये लागतात, वर पर्यावरण कर. तेही मी विनातक्रार भरले.

‘मग व्हिंटेज नोंदणी का करत नाही?’ असे काही जण विचारतात. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, पण मग ती प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. माझ्या वडिलांनी ही गाडी शोभेला ठेवायला घेतली नव्हती. शिवाय येझदी रोडकिंग, आरएक्स 100 यांसारख्या हजारो गाड्या अजून पन्नाशीला पोहोचलेल्याच नाहीत. त्यांच्या मालकांना तर हा मार्गही बंद आहे.

परिवहन विभागाला विनंती, की संगणकावरची उत्पादनवर्षे मूळ आरसी बुकाशी ताडून पाहावीत, आणि गाडी ज्या वर्षी बनली त्या वर्षीचा निकष अधिकाऱ्यांच्या हाती छापील द्यावा. त्या कागदावर स्पोकचा रकानाही असावा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे