टीडीएसच्या आकड्यात न दिसणारे

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत पाणी तपासायला एक जण आला. पेल्यात पेनाएवढे यंत्र बुडवले, आकडा दाखवला, ‘एकदम शुद्ध’ म्हणाला आणि लगेच फिल्टरचे माहितीपत्रक पुढे केले! ते यंत्र मोजते टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. गर्भनिरोधक गोळ्यांतले इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) किंवा प्लास्टिकमधले बिस्फेनॉल-ए त्याला दिसणारच नाही. ही रसायने शरीरात हार्मोनची नक्कल करतात. युरोपीय संघाने २०२२ मध्ये पिण्याच्या पाण्यातील इस्ट्राडायोल या नैसर्गिक इस्ट्रोजेनसाठी लिटरला १ नॅनोग्रॅम ही मार्गदर्शक पातळी ठेवली. म्हणजे १०० कोटी लिटरमध्ये १ ग्रॅम. एवढेसे हेरायला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणारे यंत्र, वापरतात. दुसरी युक्ती मला फार आवडते. इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या मानवी प्रथिनाचे जनुक बसवलेले यीस्ट नमुन्यात वाढवतात. तसले रसायन असले की पिवळे द्रावण लाल होते.

पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, तिथून उजनी धरणात जाते आणि उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. पुण्यात प्रयोगशाळांची वानवा नाही. महापालिकेने मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतून नदीत सुटणाऱ्या पाण्याची अशी चाचणी वर्षातून दोनदा तरी करून आकडे जाहीर करावेत.

– एक वाचक, कोथरूड, पुणे