आईची दोन नावं

पुणे

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर नावाचा घोळ निघाला आणि बोलणं अर्धंच राहिलं. बाबांना नीट ऐकू येत नव्हतं, आई, तू मधेच हसायला लागलीस, आणि मला काही रात्रभर झोप आली नाही. म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा. आईनं जवळ बसून ऐकावं.

घोळ असा आहे. बाबा, तुमच्या पेन्शनीचं सगळं आता 'स्पर्श'वर, म्हणजे फौजी पेन्शनीच्या सरकारी वेबसाइटवर, आलंय. तिथं पत्नीच्या नावापुढे आईचं माहेरचं नाव आहे. आधारावर, रेशन कार्डावर, बँकेच्या पासबुकात, मतदार यादीत सगळीकडे सासरचं. तुम्ही दरवर्षी हयातीचा दाखला वेळेवर देता, पेन्शन बिनबोभाट जमा होते, त्यामुळे इतकी वर्षं कुणाचं लक्षच गेलं नाही. पण उद्या फॅमिली पेन्शनची वेळ आली तर? हे लिहिताना हात जड होतो. तरी तुम्ही पलटणीतला माणूस, तुमच्याशी आडून कशाला बोलू? तुम्ही ७८ चे, आई ७२ ची. नावं जुळली नाहीत तर तुमच्यामागे आईला कचेऱ्यांचे जिने चढावे लागतील, आणि तिचे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी विचारलं, "बाबा, असं कसं झालं?" तुम्ही म्हणालात, "बाबू बायकोचं नाव विचारला. माझ्या तोंडात तेच आलं."

एवढंच बोललात. पण आई, तू हसायची थांबलीस ते मला फोनवरही कळलं.

१९७० च्या मे महिन्यातलं तुमचं लग्न. बाबा दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेले. नंदगडच्या बाजूची तू, सतरा वर्षांची. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून जुनं नाव संपलं. आज्जी तुला नव्या नावानं हाक मारायची, जावा मारायच्या, पुढे पुढे तुझे भाऊसुद्धा चारचौघांत तेच म्हणायला लागले. मी तर दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत तुला दुसरं काही नाव होतं हेच मला माहीत नव्हतं.

मिरजेहून छोट्या गाडीनं यायचं, बेळगावच्या पुढे खानापूरला उतरायचं, पुढे चालत. तसेच बाबा परत गेले आणि मग महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर. ती आज्जाच्या नावावर. खालच्या तुकड्यावर दोन-तीन ओळी: मी खुशाल आहे, म्हशीला पेंड कमी करू नये, थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पोस्टमन कट्ट्यावर बसून वाचायचा आणि तू दाराआड उभी राहून ऐकायचीस. ते तुकडे तू पत्र्याच्या डब्यात अजून ठेवलेत, मी सगळे वाचलेत. तुझं नाव एकाही तुकड्यावर नाही. कसं असणार? वडिलांना लिहिताना बायकोचं नाव काढायची रीत नव्हती. ते नाव लिहायला बाबांना सगळ्या जगात एकच जागा होती, सरकारी कागद. आणि तिथे त्यांनी बघायला आले होते तेव्हा कानावर पडलेलं नाव सांगितलं.

बाबा, तुम्ही लढाईचं कधी फारसं सांगितलं नाहीत. तुमची जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, १९७१ च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानात, आताच्या बांगलादेशात, जमालपूरला होती. वेढ्यातल्या पाकिस्तानी पलटणीला आपल्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, आणि तिकडच्या कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० तारखेच्या रात्री त्यांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला तो मराठ्यांनी रोखलेल्या रस्त्यावरून. ११ ला जमालपूर पडलं, १६ ला ढाका. हे सगळं मी पुस्तकांतून वाचलं. तुमच्या तोंडून ऐकलं ते ब्रह्मपुत्रेच्या वाळवंटातल्या बैलगाड्यांचं. "आपल्या बैलांगत बैलं. खुरं रुतत हुती वाळूत, पण थांबली न्हाईत." त्या बैलांना पाणी कोणी पाजलं, हेही तुम्ही सांगायचात. त्या रात्रीचं मात्र कधीच नाही, आणि मीही आता विचारणार नाही.

पण रविवारी रात्री एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या डिसेंबरात काही वाईट झालं असतं, तर तार आईच्या माहेरच्या नावानं आली असती. आपल्या गल्लीत त्या नावाची बाई कोण, हे पोस्टमनला कुणी सांगितलं असतं? ज्या नावानं घरात तुला कुणी हाक मारत नव्हतं, तेच नाव चोवीस वर्षांचा एक जवान आपल्या मरणापुढे लिहून लढायला गेला होता.

आई, तू त्या वेळी अठरा वर्षांची होतीस आणि भाताच्या मळणीत होतीस. तुला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बाकीचं आयुष्य तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १९८३ ला पेन्शन घेऊन आलात, मिळालेल्या पैशात विहीर पाडलीत. मग साठाव्या वर्षापर्यंत बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभे. सायकलवरून घरी यायचात तेव्हा हँडलला माझ्यासाठी काहीतरी लटकलेलं असायचं, वही नाहीतर रताळी. माझ्या शाळेत यायचं तर शर्टाला इस्त्री आणि बुटांना पॉलिश. पोरगी पुढं शिकणार का, असं भावकीनं विचारलं तेव्हा तुम्ही "व्हय" म्हणालात आणि उठून वैरण घालायला गेलात. दसऱ्याला तुमच्या पलटणीतले गदगचे काका यायचे, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं घेऊन. तुम्ही दोघं अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत ओसरीवर बसायचात. बाहेर सीमेवरून, पाट्यांवरून काय काय चाललेलं असायचं, पण त्या ओसरीवर एकच पलटण असायची.

आता कामाचं. मी आधी म्हणत होते, रेकॉर्डमधलं चुकीचं नाव बदलून घेऊ. आता मला त्याला चुकीचं म्हणवत नाही. म्हणून आपण प्रतिज्ञापत्र करू, की ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. मधे 'उर्फ' घालायचं. पलटणीची कागदपत्रं सांभाळणारं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. कोकणातल्या, साताऱ्याकडच्या फौजींना त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागतो, आपल्याला तासाभराची वाट. मी शनिवारी पोचते आणि चार दिवस राहते.

बाबा, डिस्चार्ज बुक आणि पेन्शनीची जुनी ऑर्डर बाहेर काढून ठेवा. डिस्चार्ज बुकाची पानं सुटायला आली आहेत, हळू उलटा. आई, तुझं आधार देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात आहे. लग्नपत्रिका असली तर तीही शोध.

आणि आई, सही करायला मी तुला शिकवली ती सासरच्या नावाची. पाटीवर महिनाभर गिरवत होतीस. दुसरं नाव मी तुला कधी लिहायला लावलंच नाही. येताना एक दोनरेघी वही आणते.

तुमची,
बाळ