काका, ईस्टर उतरवू न दिल्याबद्दल आभार

प्रिय सॅक्रिस्टन काका,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून आपल्या चर्चची आतली व्यवस्था बघणारे नुसतेच काका. आपल्या धर्मग्रामात, म्हणजे या चर्चच्या परिवारात, सगळ्यांना कळेल, वसईबाहेरच्यांना कळून करायचंय काय? हे पत्र उपासना समिती, गायकवृंद, वाचक आणि वेदीसेवक अशा सगळ्यांचं मिळून आहे. ईस्टरचा काळ संपवणारा पेंटेकॉस्टचा सण होऊन गेला, ईस्टरला पेटवलेली मोठी पास्का मेणबत्ती बाप्तिस्माकुंडापाशी गेली, लग्नांची धांदल ओसरली. आता तुमचे आभार मानायला सवड आहे, आणि तुम्हाला ते ऐकून घ्यायलाही.

पोप फ्रान्सिस गेले २१ एप्रिल २०२५ ला, ईस्टरच्या सोमवारी. रोममध्ये सकाळी ७.३५, आपल्याकडे अकरा वाजून पाच मिनिटं. जाहीर झालं तेव्हा आपल्याकडे दुपारचा सव्वा वाजत होता. फेब्रुवारीत ते जेमेल्ली रुग्णालयात होते तेव्हा व्हॉट्सअॅपने त्यांना कितीदा मारलं होतं, ते आठवतंय ना? म्हणून घंटेखाली चार-पाच जण जमले तरी तुम्ही दोर हातात घेतला नाहीत. बिशप हाऊसचा निरोप फादरांना येईपर्यंत घंटा नाही, असं ठणकावलंत. आधी वर जाऊन मोटरचा टायमर बंद केलात, हे त्या गर्दीत कुणाला सुचलंही नसतं. तो चालू राहिला असता तर संध्याकाळी सातला ईस्टरचा घणघणाट आपोआप सुरू झाला असता.

मृत्यूची घंटा मोटरवर वाजवता येत नाही, कारण मोटर घंटा झुलवते आणि झुलणारी घंटा दोन्ही बाजूंनी बोलते. एकच ठोका हवा तर घंटा स्थिर ठेवून लोळीच, म्हणजे आतला लोंबता लोलकच, ओढावी लागते, आणि ठोका पडताच दोर लगेच सैल सोडावा लागतो. लोळी कडेला टेकून राहिली की नाद बसतो. पॅरिसच्या नोत्र-दामने पोपच्या वयाइतके ८८ ठोके दिले म्हटल्यावर आपल्याकडेही तेवढेच हवेत असा आग्रह झाला. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त हिशेब मांडलात: दोन ठोक्यांत सात सेकंद, म्हणजे दहा मिनिटांहून थोडं जास्त, एका माणसाचा खांदा भरून येणार, तेव्हा दोघं लागतील. मोजायला जपमाळ दिलीत, दहा-दहा मण्यांची आठ दशकं आणि वर आठ मणी. वेदीसेवकांतल्या दोन पोरांना ते एकदा दाखवलंत आणि बाजूला उभे राहिलात.

खरं काम मात्र पुढेच होतं. ईस्टर रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंतचे आठ दिवस उपासनेच्या पंचांगात एकाच सणाचे असतात, प्रत्येक दिवस ईस्टरच्या तोलाचा. त्या दिवसांत प्रेत समोर असेल तर अंत्यविधीची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होते, पण नुसती मृत्यूची बातमी आली म्हणून मृतांसाठीची खास मिस्सा लावता येत नाही. दिवसाचीच मिस्सा, दिवसाचीच वाचनं, आणि हेतू पोपच्या आत्म्यासाठी. हे सांगायला दोन वाक्यं लागतात. पण लोक सॅक्रिस्टीच्या, म्हणजे वस्त्रं-सामान ठेवायच्या खोलीच्या, दारात काळं कापड घेऊन उभे असताना सांगणं सोपं नसतं. लिलीची फुलं काढा, ग्लोरिया हे आनंदाचं स्तोत्र गाळा, वेदीवर शोकाचं जांभळं घाला, अशा मागण्या प्रेमापोटीच होत्या. तुम्ही एकही मानली नाहीत आणि कुणाला दुखवलंही नाहीत. टीव्हीवर कार्डिनल, म्हणजे पोप निवडणारे वरिष्ठ धर्मगुरू, लाल झग्यांत दिसल्यावर कुणीतरी लाल वस्त्रं काढायला सांगितली. पोपच्या अंत्यविधीला लाल वापरायची रोमची जुनी रीत आहे, धर्मग्रामाला ती लागू नाही, असं म्हणून तुम्ही पांढरा चॅझुबलच, फादरांचा वरचा झगा, खुंटीवर ठेवलात.

गायकवृंदाची तर तुम्ही सुटकाच केलीत. आम्ही शोकगीतांची वही काढून बसलो होतो. ग्लोरिया रोज, आलेलुया रोज, आणि शेवटी निरोप देताना दोनदा आलेलुया, थेट २७ एप्रिलच्या दैवी करुणेच्या रविवारपर्यंत, असं तुम्ही बजावलंत. वर म्हणालात, "सूर खाली घ्या हवं तर, शब्द गाळू नका." तसंच केलं. ग्लोरिया एक पट्टी खाली घेतली आणि तबला ठेवून दिला, एवढाच काय तो दुखवटा.

२००५ तुमच्या डोक्यात होतं, हे नंतर कळलं. पोप दुसरे जॉन पॉल गेले तेही ईस्टरच्याच आठवड्यात, २ एप्रिलच्या शनिवारी रात्री. पण त्यांचा अंत्यविधी ८ एप्रिलला, आठवडा संपल्यावर झाला. यंदा अंत्यविधीच २६ एप्रिलला, आठ दिवसांच्या आत आला, म्हणून जुनी टिपणं जशीच्या तशी चालणार नव्हती. सोळावे बेनेडिक्ट ३१ डिसेंबर २०२२ ला गेले तेव्हाचा अनुभवही कामाचा नव्हता. ते निवृत्त होते, पोपपद रिक्त नव्हतं, मिस्सेत फ्रान्सिस यांचंच नाव चालू होतं.

नावाच्या या कामाबद्दल तर तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. पोपपद रिक्त असताना वेदीवरच्या मुख्य प्रार्थनेत पोपचा उल्लेख गाळायचा आणि फक्त आपल्या बिशपांचं नाव घ्यायचं, हे प्रत्येक फादरांना माहीत असतं. पण बारा वर्षं जिभेवर बसलेलं नाव माहीत असून गळत नाही. या मुख्य प्रार्थनेची अनेक रूपं आहेत, त्यातलं दुसरं तर बहुतेकांना पाठच असतं, पुस्तकाकडे बघतं कोण? तुम्ही चिकट चिठ्ठ्यांच्या करंगळीएवढ्या रुंद पट्ट्या कापल्यात, लाल पेनाने "फक्त बिशप" असं लिहिलंत आणि मिस्साग्रंथातल्या प्रत्येक प्रार्थनेत त्या ओळीवर लावल्यात, चिकट कड समासाकडे ठेवून, म्हणजे काढताना छपाई उचलली जाणार नाही. सेलोटेप आणि व्हाइटनर कपाटातून बाहेरच येऊ दिले नाहीत. सहयाजकांच्या छोट्या पुस्तिकांनाही तशाच पट्ट्या. आणि पाठ म्हणणाऱ्यांसाठी मायक्रोफोनच्या बुडाशी एक उभं कार्ड. लग्नासाठी बाहेरून आलेल्या फादरांना आल्ब (आतला पांढरा झगा) चढवतानाच आठवण करून द्यायचात. तरी एक-दोनदा नाव गेलंच म्हणा, पण पट्टीवर नजर पडताच तिथल्या तिथे सावरलंही.

वाचकांच्या कागदांचंही तेच. फेब्रुवारीपासून विश्वासूंच्या प्रार्थनांत "पोप फ्रान्सिस यांना आरोग्य लाभो" ही ओळ होती. ईस्टरच्या आठवड्याचे कागद पवित्र आठवड्याच्या आधीच छापून गठ्ठ्यात ठेवलेले. मंगळवारी सकाळी साडेसहाच्या मिस्सेला तो कागद जसाच्या तसा वाचला गेला असता तर काय झालं असतं, याचा विचारही नको. तुम्ही सोमवारी रात्रीच गठ्ठा चाळलात, ओळ बदललीत, आणि कार्डिनलांसाठी एक प्रार्थना जोडलीत. रविवारचा कागद आणखी फसवा होता. २७ तारखेला रोममध्ये कार्लो अक्युटिस या इटालियन तरुणाला संतपद मिळायचं होतं, म्हणून आपल्या युवकांनी प्रार्थनेत "संत कार्लो" आधीच लिहून टाकलं होतं. तो सोहळा पुढे ढकलला गेला. "संत" खोडून पुन्हा "धन्य" (संतपदाआधीची पायरी) केलंत, आणि अंगणात बांधलेला बॅनरही गुंडाळून जिन्याखाली ठेवलात. फाडला नाहीत, कधीतरी लागणारच होता.

फोटोची जागा हा दरवर्षी कुणा ना कुणाच्या अंत्यविधीला निघणारा वाद. वेदीवर नाही, वेदीसमोर नाही, पास्का मेणबत्तीच्या आड नाही. बाजूच्या भिंतीलगत, पायरीच्या खाली स्टँडवर, चौकटीच्या एका कोपऱ्याला काळी फीत, चंदनाचा हार आणि खाली पितळी समई. आसपासच्या आळ्यांतून हिंदू शेजारीही फुलं घेऊन आले, त्यांच्यासाठी स्टँडखाली केळीची पानं अंथरलेली परडी होती. सही करायची वही आत न ठेवता ओटीवर ठेवलीत, नाहीतर मिस्सा चालू असताना रांग मधल्या वाटेवर आली असती. पेन बॉलपेनच, कारण घामट हाताने जेलची शाई फासते. समोरचा पंखा बंद करायचा की नाही यावर मात्र मोठी चर्चा झाली. एप्रिलचा उकाडा, लोक तक्रार करणारच. पण पंख्याचा झोत आला की पास्का मेणबत्ती एकाच बाजूने जळते, मेणाची भिंत फुटते आणि ओघळ थेट वर्षाच्या आकड्यावर येतो. ती पेंटेकॉस्टपर्यंत, ८ जूनपर्यंत, पुरवायची होती. वात दर दिवशी काडीच्या गुलाएवढी राखून बाकीची कापायची, पितळी टोपी पुसून बसवायची, आणि तो एक पंखा बंदच ठेवायचा. उकाडा सगळ्यांनी सोसला. रोममध्ये शवपेटीजवळ अशीच मेणबत्ती जळताना दिसली, तेव्हा पंख्याबद्दल कुरकुरणारेही गप्प झाले.

पिवळा-पांढरा झेंडा अर्ध्यावर घेताना आधी पूर्ण वर नेऊन मग खाली आणायचा आणि उतरवतानाही पुन्हा वर नेऊन उतरवायचा, पिवळा भाग काठीकडे, हे तुम्ही पोरांना शिकवलंत. सरकारी दुखवटा तीन दिवसांचा होता, २२, २३ आणि अंत्यविधीचा दिवस.

आणि लग्नं! चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपला की आपल्याकडे लग्नांची रांग लागते. त्या आठवड्यातल्या घरांना वाटलं, आता बँड नको, कदाचित तारीखच नको. फादरांनी तारखा हलवू दिल्या नाहीत. बाकीचं तुमच्यावर पडलं. लग्नाची खास मिस्साही त्या आठ दिवसांत चालत नाही, दिवसाच्या मिस्सेतच विवाहविधी, म्हणून वाचनाची पानं बदलावी लागली आणि दोन घरांनी छापलेल्या पुस्तिका निरुपयोगी झाल्या. नवरा-नवरीला ते समजावलंत तुम्हीच. फोटोग्राफरला पोपचा फोटो फ्रेममध्ये नको होता. तुम्ही स्टँड हलवलं नाहीत, त्यालाच खांबाच्या डावीकडून फोटो घ्यायला लावलंत. आमच्या मते आख्ख्या आठवड्यातला सर्वांत चांगला निर्णय हाच.

शनिवारी दुपारी दीडला अंत्यविधीचं प्रक्षेपण. पडदा चर्चमध्ये लावायची सूचना आली होती. तुम्ही हॉल दिलात. त्यामागे दोन कारणं होती: मिस्सा ही बसून बघायची गोष्ट नव्हे, आणि संध्याकाळची मिस्सा रविवारची, दैवी करुणेची, तिला तासाभरात चर्च तयार हवं. दुपारच्या उजेडात प्रोजेक्टर फिका पडतो म्हणून खिडक्यांना जुने जाजम, वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त प्रोजेक्टर आणि आवाज, पंखे नाहीत. पाण्याचे माठ भरलेले. रोममध्ये साधारण दोन तास विधी चालला, आणि साडेचारला तुम्ही हॉलला कुलूप लावून पांढरी वस्त्रं काढायला गेलेलात.

सोमवार, २८ एप्रिलपासून वाट मोकळी झाली. मिस्साग्रंथात मृतांसाठीच्या भागात दिवंगत पोपसाठी वेगळ्या प्रार्थना आहेत. जांभळी फीत आदल्या रात्रीच त्या पानावर होती. रोममधली नऊ दिवसांची मिस्सामाला ४ मेपर्यंत चालली, आपण आपली एकच केली, पण भरपूर वेळ देऊन, शोकगीतांसह. थांबलो ते बरं झालं, गायकवृंदालाही त्या दिवशी पटलं.

८ मेला नवा पोप निवडल्याचा पांढरा धूर आपल्याकडे रात्री साडेनऊनंतर निघाला, चौदावे लिओ हे नाव कळायला पावणेअकरा झाले. सकाळी साडेसहाला मिस्सा. तुम्ही रात्रीच सगळ्या लाल पट्ट्या सोडवल्यात आणि त्याच जागी नव्या लावल्यात, "लिओ" एवढंच लिहून. "चौदावे" का नाही, असं एका वेदीसेवकाने विचारलं. प्रार्थनेत पोपचा क्रमांक घेत नाहीत, नुसतं नाव, हे त्याला तेव्हा समजलं आणि आमच्यातल्या काहींनाही.

काका, एक विनंती आहे. टायमर, पट्ट्या, फितीचं पान, झेंडा, लग्नाची वाचनं, हे सगळं आम्ही एका कागदावर उतरवलंय. सॅक्रिस्टीच्या कपाटाच्या दाराला आतून लावायचा आहे. चुका असतील तिथे लाल पेन चालवा आणि येत्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, परत द्या. आल्ब धुवायला नेणाऱ्या बायकांनी तुमच्यासाठी लोणचं ठेवलंय, ते न विसरता न्या.

आपले,
उपासना समिती, गायकवृंद, वाचक आणि वेदीसेवक
वसई, जून २०२५