सूचना : जून-जुलैची मासळी

सर्व सभासदांना नमस्कार. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीबंदी आहे. या काळात बरेच मासे अंडी घालतात, म्हणून पापलेट, सुरमईची सामायिक ऑर्डर दोन महिने बंद. "कुठूनतरी आणून द्या" असे निरोप कृपया नकोत. बिनयंत्राच्या होड्यांना बंदीतून सूट आहे, त्यामुळे खाडीतलं जे मिळेल ते मावशी त्या त्या दिवशी कळवतील. बाकी सुके बोंबील, जवळा, सुकट आहेच. (पावसात गरम भाकरी आणि जवळ्याची चटणी असताना तक्रार कसली?)

ऑगस्टपासून एक बदल. राज्याने 2023 मध्ये माशांचं किमान आकारमान ठरवलं. पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला, आणि आपण मात्र तळहाताएवढी पिल्लं "तव्यावर कुरकुरीत होतात" म्हणून मागवतो! ती यापुढे गटातून येणार नाहीत. वाटपाच्या टेबलावर पट्टी ठेवली आहे, शंका आली तर मोजा.

सुक्या मासळीची मागणी 25 मेपर्यंत नाव आणि वजनासह इथेच लिहा. बोंबील यंदा पाव किलोच्या पाकिटात मिळतील, सुटे नाहीत.