चिंटूची भूल आणि आईचा प्रश्न

ऑक्सफर्ड

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

चिंटूच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरल्याचं दादाने सांगितलं. तुझ्या मेसेजमधला प्रश्न आईचा आहे, हे मी लगेच ओळखलं. शरीर स्वतःच वेदना शमवतं, मग एवढ्याशा पोराला भूल आणि वर वेदनाशामकं कशाला? अंगची ताकद मरणार नाही का? फोनवर ती मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहिते. तिला वाचून दाखव.

आईचं निम्मं बरोबर आहे. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. ताण आला की ती बीटा-एंडॉर्फिन सोडते, आणि ते मॉर्फिनसारखं काम करतं. पण ते एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा असतं, आणि त्याच प्रथिनातून एसीटीएच हे ताणाचं संप्रेरकही निघतं. त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी रक्तात एंडॉर्फिन वाढलं, तर शरीर घाबरलंय असं आम्ही समजतो. आणि चाकूच्या वेदनेला ते पुरतही नाही.

दुसरं म्हणजे झोप वेगळी आणि वेदना थांबणं वेगळं. सेव्होफ्लुरेन या भुलेच्या औषधाच्या वासाने पोर गाढ झोपतं, त्याला काही कळत नाही. तरी जखमेकडून मज्जारज्जूकडे निरोप जातच राहतात. झोपेतच नाडी धावते, अ‍ॅड्रेनॅलिन आणि साखर चढते. म्हणून सोबत फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक देतात किंवा नस बधिर करतात. मग एंडॉर्फिन कमी वाढतं, कारण ते सोडायची वेळच येत नाही. ताकद मरण्याचा प्रश्नच नाही.

हे सिद्ध करण्यात आपल्याकडच्या एका डॉक्टरचा मोठा वाटा आहे. कन्वलजीत आनंद इंदूरला एमबीबीएस करून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर इथे ऑक्सफर्डला आले. तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनसाठी बऱ्याचदा नुसता नायट्रस ऑक्साइड हा सौम्य भुलेचा वायू आणि स्नायू सैल करणारं औषध देत. एवढ्या लहान जीवाला वेदना कळत नाहीत, असा समज होता! (शिकलेली माणसं असं कसं मानत होती, देव जाणे.) आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही बाळांना जोडीला फेंटॅनिल दिलं. ज्यांना ते मिळालं नाही, त्यांच्यात ताणाची संप्रेरकं जास्त उसळली आणि नंतरचे त्रासही जास्त झाले. हे 1987 मध्ये छापून आलं. मग 1992 मध्ये नवजात बाळांच्या हृदयाच्या ऑपरेशनांवरचा त्यांचा अभ्यास आला. फेंटॅनिलच्याच जातीच्या सुफेंटॅनिलने खोल भूल दिलेल्यांमध्ये बीटा-एंडॉर्फिनही कमी वाढलं होतं. त्या 30 पैकी एकही बाळ दगावलं नाही. हॅलोथेन या भुलेच्या औषधासोबत मॉर्फिन दिलेल्या 15 मधली 4 गेली. हा आकडा मात्र आईला वाचून दाखवू नकोस. ती फार आजारी बाळं होती, चिंटूचं ऑपरेशन त्यामानाने किरकोळ आहे.

तू भूलतज्ज्ञांना एवढंच विचार, की झोपेशिवाय वेदनेसाठी काय देणार? ते बहुधा झोपल्यावर माकडहाडाच्या वर कॉडल ब्लॉक, म्हणजे कंबरेखालचा भाग बधिर करणारं इंजेक्शन, देतील किंवा जांघेतली नस बधिर करतील. कॉडल दिला तर काही तास पाय जड वाटतील, घाबरू नका. त्याचा असर ओसरायच्या आधीच पॅरासिटॅमॉल सुरू करा, डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या. जागा होताना तो कदाचित तुलाही न ओळखता रडेल, हातपाय झाडेल. या भुलेनंतर लहान मुलांचं असं होतं, थोड्या वेळाने शांत होतात. तरी नर्सला सांग, कधीकधी ती खरी वेदनाही असते.

उपाशी ठेवायचे तास सांगतील तसेच पाळा. आईच्या 'एकच बिस्किट'वर तर पहाटेपासून लक्ष ठेव. पोटात काही असेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि मग ऑपरेशनच पुढे ढकलतात.

तारीख पक्की झाली की कळव, मी ड्यूटी बदलून घेते. आईला नमस्कार, चिंटूला पापा.

तुझी,
सुमी