मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यातील संग्रहालय न दाखविल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग,
नागपूर

महोदय,

काल आपल्या सीताबर्डी शाखेशी चौथ्यांदा फोनवर बोलल्यानंतर हे पत्र लिहीत आहे.

आपल्या छापील कार्यक्रमपत्रिकेत सातव्या दिवसासमोर ‘स्फोर्झा किल्ला व आतील कलासंग्रहालय, प्रवेश तिकिटासह’ असे स्पष्ट लिहिले आहे. तो दिवस सोमवार होता. किल्ल्याच्या आवारात कोणालाही जाता येते, पण आतील संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे वर्षानुवर्षे तेथे सहली नेणाऱ्या आपल्या कंपनीला ठाऊक नसेल, हे मी मानणार नाही. आपल्या नागपुरातले अजब बंगला हे संग्रहालयसुद्धा सोमवारी बंद असते.

मी एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकविली. मायकेलँजेलो १५६४ मध्ये वारला, आणि त्याच्या काही दिवस आधीपर्यंत ज्या दगडावर त्याची छिन्नी चालू होती, ते मृत येशूला धरलेल्या मेरीचे ‘रोंदानिनी पिएता’ हे शिल्प याच किल्ल्यात, पूर्वीच्या स्पॅनिश रुग्णालयाच्या दालनात ठेवलेले आहे. मेरी आणि येशू एकमेकांत मिसळल्यासारखे अपुरे राहिले आहेत, आणि आधीच्या घडणीतला एक गुळगुळीत हात धडापासून सुटा, बाजूला तसाच उरला आहे. कलावंत अखेरपर्यंत आपला विचार बदलू शकतो, हे सांगण्यासाठी तो हात मी मुलांना दरवर्षी छायाचित्रात दाखवीत असे. नोंदणी करतानाच हे मी आपल्या प्रतिनिधींना सांगितले होते. प्रत्यक्षात त्या दालनाच्या बंद दारासमोर उभी राहून मी परत आले.

काल आपले कर्मचारी म्हणाले, “काकू, किल्ला तर पाहिला ना? फोटोपण काढले.” भिंती पाहिल्या, संग्रहालय पाहिले नाही, असे मी म्हटल्यावर ते म्हणाले, “आत जुन्या मूर्तीच असतात, बाकी कोणाची तक्रार नाही.” मग मला थांबायला सांगून ते शेजारी कोणाला तरी “त्याच मूर्तीवाल्या काकू” असे म्हणाले, ते मला स्वच्छ ऐकू आले, आणि फोन कट झाला. असा अपमान माझ्या आयुष्यात कोणी केला नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो किल्ला पाडून टाकण्याचे घाटत होते, तो वास्तुविशारद लुका बेल्त्रामी यांनी दुरुस्त केला आणि त्यात संग्रहालये आली. ती वगळून, तेही सोमवारी नेऊन, किल्ला दाखविला असे म्हणता येत नाही.

यापूर्वी दोन सहली मी विश्वासाने आपल्याकडूनच केल्या, म्हणून दुःख अधिक आहे. पंधरा दिवसांत लेखी दिलगिरी आणि त्या दिवसाच्या खर्चाचा परतावा न मिळाल्यास मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. कार्यक्रमपत्रिका व पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ